मांजरघरातली एक सकाळ

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरांत हळदीच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांमागे काल दिसलेली पिल्लं आज माळ्यावर सापडतात. मांजर घरात असतं, उंदीर धरतं, पण त्याच्याकडे निवांत बघायला सहसा कुणाला सवड नसते. ती सवड सुट्टीत काढता येते.

गोव्याला समुद्र बघायला निघालेल्या कुटुंबाला एक सकाळ प्राण्यांच्या आश्रयगृहात घालवता येते. बार्देश तालुक्यातल्या आसगावात इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू या संस्थेने 1998 मध्ये जखमी आणि बेवारस प्राण्यांसाठी केंद्र सुरू केलं. पुण्यात 2007 पासून रेस्क्यू ही संस्था याच कामात आहे. कुठेही जा, मांजरघरातल्या कामाची रीत साधारण सारखीच असते.

निघण्यापूर्वी

आधी फोन करा. मांजरांच्या विभागात पाहुण्यांना कधी जाता येतं, मुलांसाठी वयाची अट आहे का, हे विचारून घ्या. कपडे सुती, बाह्या लांब. लोंबती ओढणी, बांगड्या, अत्तर नको. नखं कापलेली हवीत. घरात कुणी गरोदर असेल तर तिने विष्ठेच्या ट्रेचं काम घेऊ नये. कारण पुढे येईलच.

आधी पिल्लं, मग मोठी

आत जाताना चपला जंतुनाशकात बुडवायला आणि हात धुवायला सांगतात. यामागे पॅनल्युकोपेनिया हा रोग आहे. माणसाला तो होत नाही, पण लस न घेतलेल्या पिल्लांचा जीव काही दिवसांत घेतो. त्याचा विषाणू इतका चिवट की खोलीत वर्षभर टिकू शकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. म्हणून आधी साबणाने घाण काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं द्रावण फिरवून दहा मिनिटं राहू द्यायचं. घाण तशीच ठेवून ओतलेलं ब्लीच वाया जातं. फिनेल इथे चालत नाही. त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि मांजर तर फरशीवर चालून आलेले पंजे चाटतंच.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी मांजरं, शेवटी नव्याने आलेली आणि आजारी. नव्या मांजराला दोनेक आठवडे वेगळं ठेवतात. हा क्रम उलटा झाला तर आजार आपल्याच हातांवरून पिल्लांपर्यंत पोचतो.

ट्रे काय सांगतो

वाळूचा ट्रे साफ करणं हे स्वयंसेवकाच्या वाट्याला हमखास येणारं काम. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी काही मांजरांच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ केला की धोका फार कमी होतो. पोटातल्या बाळाला मात्र तो घातक ठरू शकतो, म्हणून गरोदर बाईने हे काम टाळायचं.

ट्रे साफ करता करता बघायचंही असतं. विष्ठा पातळ आहे का, रक्त आहे का? एखादा बोका वाळूत बसून कुंथतोय आणि वाळू कोरडीच आहे का? लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. असं दिसलं की हातातलं काम सोडून कर्मचाऱ्यांना सांगायचं.

वाटीत काय

मुलं हमखास विचारतात, "दूध कुठंय?" बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि नुसत्या दूध-पोळीवर मांजराचं भागतही नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की नजर जाते, हृदय कमकुवत होतं. गावाकडचं मांजर दूध-पोळी खाऊनही तगतं, त्याचं श्रेय उंदरांना.

नुसतं बसायचं

साफसफाई झाली की वाटतं, आता उचलून घ्यायचं. पण इथलं खरं काम बसण्याचं. खाली जमिनीवर, जरा तिरकं तोंड करून बसा. टक लावून पाहू नका. डोळे हळू मिटा, हळू उघडा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की माणसाने अशी संथ उघडझाप केली की मांजरंही तशीच करतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला अधिक राजी होतात. वाचता येणाऱ्या मुलाने गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचावं. माणसाच्या आवाजाची सवय अशीच लागते. दोन ते सात आठवड्यांच्या पिल्लांना तर ही सवय फार लवकर जडते. कोपऱ्यात दडणारं मांजर बघायला आलेल्या माणसांच्या नजरेस पडत नाही. ते पुढे यायला शिकलं, तर त्याला घर मिळण्याची शक्यता वाढते.

शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, की हात काढून घ्यायचा. पोट वर करून लोळणं म्हणजे पोट खाजवायचं आमंत्रण नव्हे.

ओरखडा निघाला किंवा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जायचं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असलं, तरी या जखमेवर हळद-चुना भरायचा नाही.

परत घरी

पोत्यांमागे पुन्हा पिल्लं दिसतील. आई जवळ नाही म्हणून ती अनाथ ठरत नाहीत. बहुतेकदा ती शिकारीला गेलेली असते. पिल्लं उचलू नका, लांबून काही तास लक्ष ठेवा. त्यांचं दूध सुटलं की पशुवैद्यकाला विचारून आईची नसबंदी करून घ्या, कारण अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते.

तोवर मांजर पिल्लं या घरातून त्या घरात फिरवणारच. सुट्टीत मांजरघरात बसून आलेलं मूल मग तिच्या मागे धावत नाही. उंबऱ्यावर बसतं आणि डोळे हळूच मिटतं.