इंग्रजीतील ‘सेट’ आणि मराठीतील ‘बसवणे’ : अनेकार्थतेचा एक विचार

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली व दुसरी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिच्यात सुमारे ४३० अर्थ नोंदले गेले होते आणि त्यांच्या विवेचनास व अवतरणांस सुमारे ६०,००० शब्द लागले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी चाललेल्या संशोधनात ‘रन’ या क्रियापदाच्या अर्थांची संख्या ६०० च्या वर गेली आणि ‘सेट’चा हा मान हिरावला गेला. या संख्या विस्मयकारक आहेत खऱ्या; परंतु त्या नेमके काय मोजतात, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रजी बोलणारा सामान्य मनुष्य ४३० अर्थ पाठ करून ठेवीत नाही. मग हे अर्थ शब्दात असतात, वाक्यात असतात, की कोशकाराच्या विभागणीत?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एकाच शब्दाचे अर्थ विस्तारत जाणे ही अनेकार्थता होय; भिन्न मूळ असलेले दोन शब्द उच्चाराने एकरूप होणे ही समनामता होय. ‘सेट’च्या ठायी या दोन्ही घटना एकत्र आल्या आहेत. क्रियापद ‘सेट’ हे प्राचीन इंग्रजीतील ‘सेट्टन’पासून आले. ते ‘सिट्टन’ म्हणजे ‘बसणे’ याचे प्रयोजक रूप होय. अर्थात ‘सेट’चा मूळ अर्थ ‘बसवणे’ हाच आहे. समूहवाचक नाम ‘सेट’ मात्र जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्ता’ हे आहे. ‘सेक्ता’ म्हणजे अनुसरणाऱ्यांचा पंथ. इंग्रजीतील ‘सेक्ट’ हा शब्दही त्याचाच. पुढे या नामावर क्रियापदाची छाया पडली आणि ‘एकत्र मांडलेल्या वस्तू’ असा अर्थ त्यात दृढ झाला. आज इंग्रजी भाषकाला हे दोन प्रवाह वेगळे जाणवत नाहीत.

या दोन्ही प्रवाहांचे सगोत्र शब्द मराठीत वावरत आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘सेट्टन’चा मूळ धातू संस्कृत ‘सद्’ याचा सहोदर. संस्कृत ‘सादयति’ हे रूप तर घडणीनेही ‘सेट’शी जुळते. ‘संसद’, ‘परिषद’, ‘सभासद’ हे शब्द याच धातूचे होत. लॅटिन ‘सेक्ता’च्या मागील ‘अनुसरणे’ या अर्थाच्या धातूचा सहोदर संस्कृत ‘सच्’ हा होय व त्यापासून ‘सचिव’ हा शब्द सिद्ध झाला. परंतु मराठी ‘बसणे’, जुने रूप ‘बैसणे’, हे मात्र संस्कृत ‘उपविशति’पासून आले आहे. म्हणजे ‘सेट’ आणि ‘बसवणे’ यांचे रक्ताचे नाते मुळीच नाही.

असे असूनही या दोन क्रियापदांची वाटचाल पुष्कळ अंतरापर्यंत बरोबरीने झालेली आढळते. कोंदणात खडा बसवतात, निखळलेले हाड बसवतात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ येते. ‘एखाद्यास वा एखाद्या वस्तूस जागेवर टेकवणे’ या मूळ कल्पनेतून ‘योग्य जागी ठेवणे’, त्यातून ‘स्थिर करणे’ व त्यातून ‘व्यवस्था लावणे’ असे अर्थ दोन्ही भाषांत निघाले. मराठीत घडी बसते, नाटक बसवले जाते, जमाखर्चाचा मेळ बसतो. इंग्रजीत ‘स्थिर होणे’ या अर्थाने सिमेंट ‘सेट’ होते व खाली येऊन टेकणारा सूर्यही ‘सेट’ होतो. निश्चित केलेली तारीख, नेमलेले पाठ्यपुस्तक, ठराविक शब्दसंहती यांनाही तेच विशेषण लागते. नाते नसलेल्या दोन शब्दांनी सारखीच वळणे घ्यावीत, यावरून अर्थविस्तार हा केवळ व्युत्पत्तीचा परिणाम नसून मूळ कल्पनेतच त्याची बीजे असतात, असे अनुमान काढता येते.

मात्र हे साम्य सर्वत्र टिकत नाही. इंग्रजीत ज्या ज्या ठिकाणी ‘सेट’ येते तेथे मराठीत घड्याळाचा गजर ‘लावतात’, सापळा ‘लावतात’, गीताला चाल ‘लावतात’, आग ‘लावतात’, पाने ‘मांडतात’, प्रश्नपत्रिका ‘काढतात’, कित्ता ‘घालून देतात’ आणि कैद्याला मोकळे ‘करतात’. इंग्रजीने एका क्रियापदावर टाकलेला भार मराठीने पाच-सहा क्रियापदांत वाटून दिला आहे. त्यांपैकी ‘लावणे’ हे स्वतः ‘सेट’इतकेच बहुप्रसव आहे : दिवा लावणे, रोप लावणे, सवय लावणे, दही लावणे, अर्थ लावणे. प्रत्येक ठिकाणी अर्थनिश्चिती कर्माच्या साहाय्याने होते. क्रियापद केवळ दिशा दाखवते. मुक्काम कर्म ठरवते.

तर मग कोशकाराने अर्थ मोजावेत कसे? एक कसोटी उपयुक्त ठरते. एकाच क्रियापदाला दोन कर्मे जोडून पाहावीत. ‘सोनाराने अंगठीत माणिक आणि हिरा बसवला’ हे वाक्य सहज वाटते. ‘नगरपालिकेने चौकात पुतळा आणि नागरिकांवर कर बसवला’ हे वाक्य ऐकणाऱ्यास हसू येते. जेथे हसू येते तेथे दोन अर्थांमधील शिवण उसवलेली असते. ही कसोटी निर्णायक नाही, कारण काही जोड्यांबाबत भाषकांचे मत एकसारखे पडत नाही. पण तिच्या साहाय्याने संदर्भभेद आणि अर्थभेद यांतील अंतर दिसू लागते. कर्मागणिक नवा अर्थ नोंदला तर संख्या वाढते. मूळ कल्पनेखाली प्रयोग एकत्र केले तर ती घटते. म्हणून ४३० हा आकडा ‘सेट’चा गुणधर्म आहे तितकाच तो एका संपादनपद्धतीचाही आहे.

मराठीने ‘सेट’ हा शब्द उसना घेतला तेव्हा काय झाले, हेही उद्बोधक आहे. दागिन्यांचा सेट, टेनिसमधील सेट, चित्रपटाचा सेट ही नामे रूढ झाली. यंत्र ‘सेट करणे’ हा प्रयोगही आला. गणितात मात्र ‘संच’ हा पर्याय प्रस्थापित झाला. हाड ‘सेट करणे’ किंवा चाल ‘सेट करणे’ यांची मराठीला निकड भासली नाही, कारण तेथे ‘बसवणे’ व ‘लावणे’ आधीच ठाण मांडून होते. उसना शब्द आपले सर्व अर्थ घेऊन येत नाही. यजमान भाषेत जेथे जागा रिकामी असेल तेथेच तो प्रायः वस्ती करतो.

मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून द्वैभाषिक कोशांपुढे हाच पेच उभा आहे. ‘सेट’पुढे मराठी क्रियापदांची नुसती रांग मांडल्याने विद्यार्थ्याचे काम भागत नाही; कोणत्या कर्माबरोबर कोणते क्रियापद येते, हे त्याला कळले पाहिजे. उलट दिशेने पाहता ‘लावणे’, ‘बसवणे’, ‘घालणे’ यांसारख्या नित्याच्या क्रियापदांचा कर्मानुसारी अभ्यास हा मराठी अर्थविचाराचा पाया ठरू शकेल. दुर्मिळ शब्दांचा संग्रह करण्यात जेवढी आस्था दाखवली जाते, तेवढी या रोजच्या शब्दांच्या वाट्यास आली, तर भाषेचे अंतरंग अधिक उलगडेल.