उंची मोजली, हृदय राहून गेले

आमची मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टर्नर सिंड्रोम असल्याचे कळले. वर्गात सर्वांत बुटकी, एवढीच आमची तक्रार होती. १९३८ साली डॉ. हेन्री टर्नर यांनी वर्णन केलेल्या या स्थितीत मुलीचे एक एक्स गुणसूत्र पूर्णपणे किंवा अंशतः नसते. दोन-अडीच हजार मुलींमागे साधारण एकीत हे आढळते. बुद्धी बहुधा सामान्य असते. उंची कमी राहते आणि बहुतेकींच्या अंडाशयांचे काम लवकर थांबते.

ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने, पुढे इस्ट्रोजेन, सारे वेळेवर केले. अठराव्या वर्षी बालरोगतज्ज्ञांकडचे जाणे संपले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून "कुणाकडे बोलू नकोस" असे मीच तिला बजावले होते. तिने ते नव्या डॉक्टरांनाही सांगितले नाही! सात वर्षे हृदयाची तपासणी झाली नाही. गेल्या वर्षी फ्लूच्या लशीसाठी गेली असता सहज रक्तदाब पाहिला, तो निघाला १५०/९६.

या स्त्रियांमध्ये महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे किंवा महारोहिणी एका जागी अरुंद असणे हे दोष पुष्कळ अधिक आढळतात. महारोहिणी रुंदावून तिची भिंत फाटण्याचा प्रकार क्वचित घडतो, पण तो जीवघेणा असतो; वाढलेला रक्तदाब त्याला खतपाणी घालतो. शिवाय देह लहान असल्याने 'नॉर्मल' आकडाही तिच्या मानाने मोठा असू शकतो. लहानपणीच्या इकोत न दिसलेली दोन पाकळ्यांची झडप आमच्या मुलीच्या एम.आर.आय.मध्ये दिसली. सुदैवाने महारोहिणी रुंदावलेली नाही.

आता रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि घरातल्या सवयी सर्वांनीच बदलल्या आहेत. लोणचे, पापड, चिवडा ताटात रोज नाहीत. मधुमेहाचाही धोका अधिक असल्याने भात बेताचा, उसळ व भाजी भरपूर. ती रोज अर्धा तास चालते, पोहते. जड वजने उचलण्यापूर्वी मात्र हृदयतज्ज्ञांना विचारावे. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांची तपासणी नियमित हवी. दात्या स्त्रीच्या बीजाने मातृत्वाचा विचार असेल तर आधी महारोहिणी तपासलीच पाहिजे. छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली तर ॲसिडिटी समजून थांबू नये. ९११ ला फोन करावा आणि टर्नर सिंड्रोम असल्याचे आधी सांगावे.

विम्याबद्दल थोडेसे. सव्विसाव्या वर्षी मुले आईवडिलांच्या पॉलिसीतून सहसा बाहेर पडतात. २०१४ पासून इथल्या नियमित आरोग्य विमा कंपन्यांना जुन्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही. अल्पमुदतीच्या स्वस्त पॉलिसींना मात्र हा नियम लागू नाही. तेव्हा स्वस्ताईला भुलू नये, आणि नव्या पॉलिसीत हृदयतज्ज्ञ व एम.आर.आय. बसतात ना, हे आधीच विचारावे.

हा लेख मी मुलीच्या परवानगीने लिहिला आहे. "आता तरी सगळ्यांना सांग, आई," असे तीच म्हणाली.