संशोधनाची तयारी चौथ्या वर्षी नव्हे, पहिल्या वर्षी

चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी आपल्या धर्मग्रामांतील पालक वारंवार विचारणा करीत असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. परंतु पाठांतराने मिळविलेले गुण म्हणजे संशोधनाची पात्रता नव्हे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

संशोधनाचा आरंभ नेमक्या प्रश्नाने होतो. ‘नाग नदी दूषित का झाली?’ हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. ‘नाग नदीवरील ठरावीक दोन पुलांजवळ, पावसाळ्यापूर्वी व नंतर, पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती असतो?’ हा प्रश्न मात्र त्याला स्वतः मोजून सोडविता येतो. त्यापूर्वी इतरांनी काय लिहिले आहे ते वाचणे, ज्याचे घेतले त्याचे नाव देणे आणि अपेक्षेविरुद्ध आलेला आकडाही न खोडणे, ही शिस्त अंगी बाणावी लागते.

दुसरी सवय नोंदवहीची. नागपुरात १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परिसरातील खडक, जीवाश्म आणि गोंड समाजाची भाषा व गीते यांचा अभ्यास केला. १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. आदिवासी समाजांविषयीचे त्यांचे लेखन रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. जे लिहून ठेवले होते, तेच पुढील पिढ्यांच्या हाती आले.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट असतो. पहिल्या वर्षापासून लहान प्रकल्प करणाऱ्यास तेथे परीक्षकांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याचा सराव मिळतो.

याउलट, दुकानातून तयार प्रकल्प विकत आणून वर आपले नाव घालण्याची रीत आपल्या परिचयाची आहे, आणि कित्येकदा त्याचे पैसे आपणच देतो. त्यातून गुण मिळतील; पण ‘मला ठाऊक नाही, शोधून पाहतो’ असे प्रामाणिकपणे म्हणण्याचे धैर्य मिळणार नाही. म्हणून येत्या सत्रात आपल्या पाल्यास किती गुण मिळाले हे विचारण्याबरोबरच, त्याने कोणता प्रश्न हाती घेतला आहे, हेही आपण आस्थेने विचारू या.