रिकाम्या इमारतीची आग

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबई महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यातल्या ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकाम्या करायच्या. वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या जेएन-१, जेएन-२ इमारतींतल्या रहिवाशांना ही भाषा पाठ आहे. चर्चा मात्र स्लॅब कोसळण्याचीच होते, आगीची क्वचित.

खरे तर दोन्ही धोक्यांचे मूळ एकच. काँक्रीटचा बाहेरचा जेमतेम इंच-दीड इंचाचा थर आतल्या सळईला आगीपासून जपतो. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि हा थर आतूनच फोडून पाडतो. मग ज्वाळा थेट सळईला भिडतात. साधारण ६०० अंश सेल्सिअसला पोलादाची निम्मी ताकद जाते, आणि पेटलेली साधी खोलीही तेवढी तापते. वर बंबाचे पाणी: साचले तर हजार लिटरमागे एक टन भार!

रिकामी म्हणजे निर्धोक, हा समज तर भलताच. धूर पाहायला कोणी नसते, नळजोडणी तोडलेली असते, दारे-खिडक्या भंगारात गेलेल्या असतात. आगीला वारा आयताच मिळतो. अमेरिकेतल्या वूस्टरमध्ये ३ डिसेंबर १९९९ रोजी एका बंद पडलेल्या शीतगृहात मेणबत्ती कलंडून आग लागली. तिथे आसरा घेतलेले बेघर जोडपे अडकले असेल म्हणून जवान आत शिरले. जोडपे केव्हाच बाहेर पडले होते. सहा जवान परतले नाहीत.