दत्तविधान आणि जन्मकुलाची माहिती

'दत्तक' हा शब्द 'दत्त' म्हणजे 'दिलेला' या कर्मणि धातुसाधितापासून झालेला आहे. दिलेला म्हटला की देणारा आलाच. आणि जुन्या दत्तविधानात हा देणारा अज्ञात नसे. दोन्ही कुळांशी नाते राखणाऱ्या पुत्राला धर्मशास्त्रकारांनी 'द्व्यामुष्यायण' अशी संज्ञा दिली. तिच्या पोटातील 'अमुष्य' हे रूप 'अमक्याचा' या अर्थाचे, म्हणजे जेथे प्रत्यक्ष नाव घालावयाचे ती जागा दाखविणारे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले, तेव्हा त्यांचे जनककुल सर्वश्रुतच होते. मराठीतील 'दत्तक जाणे' या प्रयोगातही कोठून गेला हे गृहीत असते.

माहिती झाकून ठेवण्याचा प्रश्न मुख्यतः संस्थेमार्फत होणाऱ्या दत्तकामुळे उद्भवला. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधील कलम १२ अन्वये मुलाचे जन्मकुलाशी असलेले संबंध तुटतात. परंतु त्याच कलमाच्या परंतुकानुसार, जन्मकुलात राहिला असता ज्या व्यक्तीशी त्याचा विवाह होऊ शकला नसता, तिच्याशी तो दत्तकानंतरही होऊ शकत नाही. हा निर्बंध पाळावयाचा तर जन्मकुल ठाऊक असले पाहिजे. उलट, ज्याचे आईबाप अज्ञात आहेत असे मूलही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने पालनकर्त्यास दत्तक देता येते, असे कलम ९ सांगते. अशा मुलावर निर्बंध आहे. तो पाळण्याचे साधन मात्र नाही. ही विसंगती केवळ शाब्दिक म्हणून सोडून देता येणार नाही.

परदेशी दत्तकासंबंधीच्या १९८४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, मूल जाणते झाल्यावर त्यास जन्मदात्यांविषयी माहिती देण्यास गंभीर हरकत दिसत नाही, असे मत दिले. मात्र ती द्यावयाची की नाही हे दत्तक मातापित्यांच्या विवेकावर सोपविले. पुढील विनियमांनी हा अधिकार दत्तक व्यक्तीच्या हाती आणला. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यास मूळशोधासाठी स्वतंत्रपणे अर्ज करता येतो. त्याहून लहान असल्यास दत्तक मातापित्यांसह. मूल स्वाधीन करतेवेळी जन्मदात्यांनी अनामिकता मागितली असल्यास प्रथम त्यांची संमती घ्यावी लागते. ती नाकारली गेली, किंवा त्यांचा ठाव लागला नाही, तर ज्या परिस्थितीत व ज्या कारणांनी मूल दिले गेले तेवढे सांगावयाचे. त्रयस्थास शोधाची मुभा नाही.

नाव नाही, पण कारण आहे, अशी ही तडजोड आहे. ती निरुपयोगी नाही; कारण कळणे ही पुष्कळांच्या दृष्टीने नावापेक्षाही निकडीची गोष्ट असू शकते. तथापि 'ओळख पटविणारी' आणि 'न पटविणारी' अशी माहितीची स्वच्छ वाटणी भाषेच्या अंगाने पाहता टिकत नाही. गाव एकटे सांगितले तर ओळख पटत नाही, जातीवरून पटत नाही, व्यवसायावरूनही नाही. तिन्ही एकत्र आली की लहान खेड्यात एकच घर उरते. ओळख शब्दात नसते, शब्दांच्या संयोगात असते. म्हणून कारण सांगतानाही कोणता तपशील कोणत्या तपशिलाशेजारी ठेवावयाचा, हा निर्णय अखेर लिहिणाऱ्याला करावा लागतो. स्कॉटलंडने १९३० च्या कायद्यानेच १७ वर्षांच्या दत्तकास मूळ जन्मनोंद खुली केली होती. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९७५ चा कायदा यावा लागला.

उकिरड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेल्या मुलाच्या बाबतीत हा सर्व विचार फार पुढे जात नाही. त्याच्या कागदात लपविण्याजोगे नावच नसते. असते ती सापडल्याची तारीख आणि ठिकाण.