फौजेच्या पगारापायी गेलेलं धाराशिव

वसाहतींमधल्या क्रौर्याचा विषय निघाला की पहिलं नाव स्पेनचं येतं. ते क्रौर्य जगापुढे आणलं एका स्पॅनिश धर्मगुरूनेच. बार्तोलोमे दे लास कासास यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तली आणि वेठबिगारी १५५२ मध्ये छापून जाहीर केली. स्पेनच्या वैऱ्यांनी ते पुस्तक उचललं. १५७८ मध्ये डच, १५८३ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं. अत्याचार खरे होते, पण त्यांचा बोभाटा शत्रूच्या छापखान्यांनी केला. धाराशिव इंग्रजांकडे गेलं तेव्हा असा बोभाटा झाला नाही, म्हणून तो व्यवहार सावकाश समजून घ्यायला हवा.

धाराशिव हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. १८०० च्या तहानुसार युद्ध झालं तर त्याने ईस्ट इंडिया कंपनीला ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ द्यायचं होतं. शांततेत कायमची फौज पोसण्याची अट नव्हती. पुढे रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, हेन्री रसेल यांच्या काळात निजामाच्या पैशांवर, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पलटणी उभ्या राहिल्या. त्यांतूनच हैदराबाद कंटिन्जंट तयार झाली. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. पगारासाठी आधी पामर कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने पैसे उचलले गेले. नंतर पगार थकला की कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून तो भागवी आणि रक्कम व्याजासह निजामाच्या नावे मांडी. फौज किती ठेवायची हे ठरवणारा आणि कर्ज देणारा एकच होता. असं कर्ज फिटणार कसं?

मे १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या वतीने कर्नल लो यांनी निजामाकडून तह करून घेतला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख, एकूण सुमारे ५० लाखांच्या वसुलाचा, इंग्रजांच्या ताब्यात गेला. कागदावर मालकी निजामाचीच राहिली. वसुलातून आधी फौजेचा पगार आणि व्याज, उरलं तर निजामाला, आणि दरसाल हिशेब द्यायचा, असं ठरलं.

स्पॅनिश ‘एन्कोमिएन्दा’ची बांधणीही अशीच होती. त्या सनदेने जमीन मिळत नसे. ठरावीक गावांतल्या लोकांचे श्रम आणि खंडणी मिळे, बदल्यात त्यांचं रक्षण आणि धर्मशिक्षण करायचं. तिथे माणसं खाणींत आणि साथींत मेली, तसा संहार धाराशिवात झाला नाही. हा फरक लहान नाही. पण दोन्हीकडे मालकी न घेता मिळकत हातात आली, आणि तिला रक्षणाचं नाव होतं.

धाराशिवचा कारभार कर्नल मेडोज टेलर यांच्याकडे आला, ठाणं नळदुर्गला. ते कळकळीचे अधिकारी होते, असं माझं मत आहे. मात्र त्या कारभाराची आपली ओळख बरीचशी १८७७ मध्ये निघालेल्या त्यांच्याच आत्मचरित्रातून होते. तुळजापूर-नळदुर्गच्या ज्या कुणब्याच्या सारा-पट्टीतून पलटणींचा पगार निघाला, त्याने लिहिलेलं असं पुस्तक आपल्यापाशी नाही. लास कासास यांच्याइतका गाजलेला घरचा साक्षीदारही इथे उभा राहिला नाही.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. १८६० च्या तहाने रायचूर दोआब आणि धाराशिव त्याला परत मिळालं, सुमारे ५० लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतलं. त्याच तहात निजामाकडून आणखी एक गोष्ट लिहून घेतली गेली: ताब्यात दिलेल्या मुलखाच्या जमाखर्चाचा मागचा किंवा पुढचा कोणताही हिशेब तो मागणार नाही.