जीवनसत्त्वांची पावडर पावसाळ्यात का बिघडते?

सुरगाण्यासारख्या अतिपावसाच्या भागात कोंबड्यांसाठी आणलेल्या जीवनसत्त्वांच्या पावडरीची पुडी एकदा फोडली की ती चुलीजवळच्या फळीवर पडून राहते. पावडर कोरडी दिसते, म्हणजे ती टिकणारच, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

'अ' जीवनसत्त्वाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा गुण नष्ट होतो. म्हणून कारखान्यात ते अ‍ॅसिटेटच्या रूपात घेऊन बहुधा जिलेटिनच्या सूक्ष्म कणांत बंदिस्त करतात. दमट हवेत हे कवच मऊ पडते. त्यातच अनेक पुड्यांत तांबे, लोह, जस्त यांचे क्षारही असतात. कोरडेपणी ते फारसा उपद्रव करीत नाहीत. ओल शिरताच विरघळतात आणि तांबे व लोह यांच्यामुळे 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वांचा ऱ्हास झपाट्याने होतो. कोलीन क्लोराईड तर मिठाप्रमाणे हवेतले पाणी स्वतःच ओढून घेते. 'ब-२' उष्णता बऱ्यापैकी सोसते, पण उजेडात टिकत नाही. पावडरीला पिवळेपणा येतो तो बहुधा या 'ब-२'मुळे. मात्र रंग शाबूत आहे म्हणजे बाकीची जीवनसत्त्वेही शाबूत आहेत, असे मानू नये.

नुकसान पिलांत दिसते. 'ब-२' कमी पडल्यास पायाची बोटे आत वळतात, 'ब-१' कमी पडल्यास मान मागे खेचली जाते. पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्याने त्या बऱ्या होतात, हे डॉ. आयकमन यांनी जावा बेटावर 1890 च्या दशकात दाखवले. त्यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे भातगिरणीचा कोंडा सहज मिळतो. तो ताजाच वापरावा. जुन्या, खवट कोंड्यात पावडर मिसळल्यास खवट तेलामुळे 'अ' आणि 'ई' ही जीवनसत्त्वे वाया जातात. पैसे देऊन आणलेले औषध असे फुकट घालवू नये.

पुडी लहान घ्यावी व उत्पादनाची तारीख पाहावी. उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावी. चमचा कोरडा असावा. पाण्यात कालवलेली मात्रा त्याच दिवशी संपवावी. गोळे झालेली पावडर टाकून द्यावी. तिची दुप्पट मात्रा देऊन भरपाई करणे धोक्याचे आहे, कारण जीवनसत्त्व घटलेले असले तरी तांब्यासारखे क्षार तेवढेच राहतात आणि ते पिलांना दुप्पट जातात.